मनगटावरचं एक मिनिट

नाडी मोजायची ती पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय आपल्याला असते आणि तालात चालणाऱ्या हृदयाला ती पुरतेही. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचा ठोका बेताल पडण्याचा आजार, असलेल्या माणसाला मात्र ती पुरत नाही.

माझ्या वडिलांच्या बीपी मशीनवर आठवडाभर एक बारीकसं हृदयाचं चिन्ह लुकलुकत होतं. ठोका अनियमित असल्याची ती सूचना होती; पण सेल उतरले असतील, असं समजून आम्ही त्याकडे लक्ष दिलं नाही. मग एका सकाळी मी त्यांच्या मनगटावर तीन बोटं टेकवली. दोन ठोके पाठोपाठ, मग खंड, एक जोरकस ठोका, तीन अगदी क्षीण, मग पुन्हा काहीच नाही. ठोका चुकण्यालाही एक शिस्त असू शकते, म्हणजे दर चौथा ठोका गळतो वगैरे. इथे तीही नव्हती. बाबांना छातीत धडधड नव्हती, चक्कर नव्हती. ‘जिना चढताना जरा दम लागतो, वयच झालं आता,’ एवढंच ते म्हणायचे. असं अनेकांचं होतं. आजार वर्षानुवर्षं असतो आणि माणूस तो वयाच्या खात्यावर टाकतो.

आत काय चाललेलं असतं? हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना शाळेच्या पुस्तकात अलिंद म्हणतात, खालच्या दोघांना निलय. उजव्या अलिंदात वरच्या बाजूला पेशींचा एक छोटा पुंजका आहे. विश्रांतीत तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विजेचा हलका इशारा देतो, आणि तो इशारा मिळाला की आधी अलिंदं आकसतात, क्षणभराने निलयं. दिंडीत पखवाज एक असतो आणि शेकडो टाळ त्याच्यामागे चालतात, तसं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये पखवाज कुणालाच ऐकू येत नाही आणि प्रत्येक टाळकरी आपापला ठेका धरतो. अलिंदांत मिनिटाला ३५० ते ६०० विस्कळीत लहरी उठतात. अलिंद आकसत नाही, नुसतं थरथरतं. अलिंद आणि निलय यांच्यामध्ये आणखी एक पुंजका देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखा बसलेला असतो. तो यातल्या बहुतेक लहरी अडवतो, म्हणूनच माणूस जगतो. ज्या लहरी निसटतात, त्या कधी निसटतील याचा नेम नसतो.

यातला एक ठोका फार घाईने आला, तर निलय भरलेलंच नसतं. ते आकसतं खरं, पण बाहेर पडणारं रक्त इतकं थोडं असतं की त्याची लाट मनगटापर्यंत पोचत नाही. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून बाबांचे छातीवरचे ठोके मोजले, त्याच मिनिटात नर्सने मनगटावरचे मोजले. छातीवर ११२ भरले, मनगटावर ८८. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा नाडीचा आकडाही अशा माणसात खऱ्या ठोक्यांपेक्षा कमी दिसू शकतो.

हा घोळ उलगडायला बराच काळ गेला. ब्रिटिश डॉक्टर जेम्स मॅकेन्झी मानेतल्या शिरेचे ठोके कागदावर उतरवून घेत. काही रुग्णांत अलिंदाची लाट नाहीशी झालेली पाहून, अलिंद लुळं पडलं असावं, असं त्यांना वाटलं. १९०९ मध्ये लंडनला थॉमस लुइस यांनी त्या काळी नव्या असलेल्या ईसीजीने दाखवून दिलं की अलिंद लुळं नाही, थरथरतंय. आजही निदानाला तोच ईसीजी लागतो. प्रत्येक ठोक्याआधीचा ‘पी’ नावाचा छोटा उंचवटा गायब असतो आणि मोठ्या शिखरांमधलं अंतर दर वेळी वेगळं भरतं.

खरा धोका मात्र या बेतालपणात नाही. डाव्या अलिंदाला बाजूला अंगठ्याएवढी एक पिशवी असते. अलिंद नीट आकसत नसलं की तिच्यातलं रक्त साचून राहतं आणि साचलेलं रक्त गोठतं. झडपेचा आजार नसलेल्या रुग्णांमध्ये दहापैकी सुमारे नऊ गुठळ्या याच पिशवीत सापडतात. गुठळी सुटली की ती मेंदूत जाऊन अडकू शकते. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावातल्या लोकांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. त्यातून दिसलं की एट्रियल फिब्रिलेशनमुळे पक्षाघाताची शक्यता जवळपास पाचपट होते. ठोका मधूनमधून बिघडत असला आणि एरवी माणूस ठणठणीत असला, तरीही हा धोका उरतोच.

म्हणून डॉक्टर आधी सोबतचे आजार विचारतात. रक्तदाब, मधुमेह, हृदय अशक्त होणं, धमन्यांचा विकार, ६५ ते ७४ वय, यांचा प्रत्येकी एक गुण. वय ७५ किंवा जास्त असेल तर दोन, आधी पक्षाघात झाला असेल तरीही दोन. गुण वाढले की रक्त पातळ करणारी गोळी लागते. थायरॉइडही तपासतात, कारण ती ग्रंथी जास्त काम करू लागली की हृदय असंच बिथरतं. झोपेत जोरात घोरणं आणि मधेच श्वास अडकणं, वाढलेलं वजन, दारू यांचाही संबंध आहे. घोरण्याबद्दल दवाखान्यात कुणी आपणहून सांगत नाही. घरच्यांनी सांगावं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या कुळीची सुरुवात गोठ्यातली आहे. १९३३ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एक शेतकरी मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त घेऊन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. बुरशी लागलेला चारा खाऊन त्याची गुरं रक्तस्रावाने मरत होती. त्या चाऱ्यातलं द्रव्य लिंक यांनी वेगळं काढलं. त्याचंच भावंड असलेलं वॉरफेरिन १९४८ मध्ये उंदराचं औषध म्हणून विकायला आलं आणि १९५४ पासून माणसांना देऊ लागले. ते जीवनसत्त्व ‘के’च्या कामात अडथळा आणतं, आणि पालक, मेथी, कोथिंबीर यांत हेच जीवनसत्त्व भरपूर असतं. भाजी सोडायची नाही. रोज जेवढी खाता तेवढीच खायची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा, रक्ताच्या तपासणीतला आयएनआरचा आकडा सहसा २ ते ३ च्या मध्ये राहतो.

नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही, भाजीचं पथ्य नाही. तरी आपल्याकडे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. लहानपणी घसा दुखून ताप येतो, त्यावर पुरेसे उपचार होत नाहीत आणि पुढे संधिवाताचा ताप हृदयाची झडप चिकटवून टाकतो. असे रुग्ण भारतात आजही आहेत, आणि त्यांच्यात बायका जास्त. झडप अरुंद झाली की डावं अलिंद फुगतं आणि ऐन तिशी-चाळिशीत थरथरू लागतं. अशा रुग्णांवर २४ देशांत झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. त्यात रिव्हारोक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा वॉरफेरिनच्या गटातली जुनी औषधं घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी झाले. शेजारणीला नवी गोळी मानवली म्हणून आपणही बदलून घ्यायची, हे इथे चालत नाही. धातूची कृत्रिम झडप बसवलेल्यांनाही जुनंच औषध लागतं. ठोका ताळ्यावर आणायला औषधं आहेत, विजेचा सौम्य धक्का आहे, कॅथेटर म्हणजे बारीक नळी घालून बिघाडाची जागा निकामी करण्याची अब्लेशन नावाची प्रक्रियाही आहे. पण ठोका सुधारला म्हणून रक्ताची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

गोळ्या चुकतात त्या बहुतेक घरच्या कारणांनी. लग्नाला गावी गेलो आणि पाकीट घरीच राहिलं. दात काढायचा म्हणून कुणालाही न विचारता चार दिवस बंद ठेवली. नव्या गोळीचा असर एक-दोन दिवसांतच ओसरतो, त्यामुळे तेवढ्यातच आडोसा जातो. ‘ॲस्पिरिन घेतोय ना, मग झालं,’ असंही ऐकू येतं. या गुठळीपासून ॲस्पिरिन पुरेसं वाचवत नाही आणि त्यानेही रक्तस्राव होऊ शकतो. सगळ्यात मोठी भीती गुडघेदुखीच्या गोळीची. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन दुकानात सहज मिळतात आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत घेतली की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. काळी शी झाली, लघवीतून रक्त आलं, डोक्याला मार बसला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर लगेच मोठं रुग्णालय गाठायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते देता येईल की नाही हे शेवटची गोळी कधी घेतली यावरही ठरतं, म्हणून तिथे पोचल्यावर हा प्रश्न हमखास विचारतात. बाबांच्या पाकिटात आता आधार कार्डाच्या मागे एक घडी केलेला कागद असतो. त्यावर गोळीचं नाव आणि मात्रा आईच्या अक्षरात आहे, आणि खाली वेळ: सकाळी आठ, रात्री आठ.