पाच दिवसांत दोन करार: उत्तर कोरियाच्या मैत्रीची पार्श्वभूमी

19 जून 2024 रोजी उत्तर कोरियाची राजधानी प्योंगयांगमध्ये व्लादिमीर पुतिन आणि किम जोंग-उन यांनी करारावर सह्या केल्या. त्यातल्या चौथ्या कलमानुसार, एका देशावर सशस्त्र आक्रमण होऊन तो युद्धात ओढला गेला, तर दुसऱ्याने हाताशी असलेल्या सर्व साधनांनिशी विनाविलंब लष्करी मदत करायची आहे. हा शब्दप्रयोग नवा नाही. 1961 च्या सोव्हिएत-उत्तर कोरिया करारात तो जवळपास असाच होता. मधली 28 वर्षे तो लागू नव्हता. तो कशामुळे गेला होता, हे कळल्याशिवाय त्याचे परत येणे नीट उलगडत नाही.

1961 च्या जुलैत उत्तर कोरियाचे तेव्हाचे नेते आणि किम जोंग-उन यांचे आजोबा किम इल-सुंग यांनी एकाच दौऱ्यात दोन करार केले. 6 जुलैला मॉस्कोत सही झाली आणि 11 जुलैला बीजिंगमध्ये. वरवरचे कारण दक्षिणेतले होते. 16 मे रोजी सेऊलमध्ये पार्क चुंग-ही यांनी लष्करी उठाव करून सत्ता घेतली होती, आणि अमेरिका-दक्षिण कोरिया संरक्षण करार 1953 पासूनच होता. पण संरक्षणाची एकच हमी दोघांकडून का घ्यावी लागली, याचे उत्तर 1956 मध्ये आहे. त्या ऑगस्टमध्ये पक्षाच्या बैठकीत सोव्हिएत आणि चिनी वळणाच्या नेत्यांनी किम यांच्यावर उघड टीका केली आणि ती त्यांच्यावरच उलटली. सप्टेंबरमध्ये मॉस्कोहून सोव्हिएत उपपंतप्रधान मिकोयान आणि बीजिंगहून चीनचे संरक्षणमंत्री पेंग दहुआई एकत्र प्योंगयांगला आले आणि पदावरून काढलेल्यांना परत घ्यायला लावले. तेव्हा चिनी फौजाही देशात होत्या. त्या 1958 मध्ये गेल्या. दोन्ही थोरले शेजारी एक झाले तर आपली खुर्ची हलते, हा धडा किम यांनी आयुष्यभर लक्षात ठेवला. पुढे हेच दोघे भांडू लागले, तेव्हा त्यांनी दोन्ही डगरींवर हात ठेवला.

हे करार जुळे वाटतात, पण त्यांची शेवटची कलमे वेगळी आहेत, आणि माझ्या मते सगळा इतिहास त्या फरकात आहे. सोव्हिएत कराराची मुदत 10 वर्षांची होती. मुदत संपायच्या एक वर्ष आधी कोणी नोटीस दिली नाही, तर तो आपोआप 5 वर्षांनी वाढे. चिनी कराराला मुदतच नाही. दोन्ही पक्षांनी मिळून दुरुस्त किंवा रद्द करेपर्यंत तो चालू राहतो. दर 20 वर्षांनी त्याचे नूतनीकरण होते असे बातम्यांत नेहमी येते, पण मूळ मजकुरात तशी तरतूद नाही.

सह्या झाल्यानंतर पारडे सतत हलत राहिले. 1962 नंतर प्योंगयांग चीनकडे झुकले आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांनी मदतीचा हात आखडता घेतला. त्याच वर्षी चीनबरोबर सीमा करार झाला आणि सीमेवरच्या पेक्तू पर्वतावरील सरोवराचा निम्म्याहून थोडा अधिक भाग कोरियाला मिळाला. 1964 मध्ये ख्रुश्चेव सत्तेवरून गेले. फेब्रुवारी 1965 मध्ये नवे सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन प्योंगयांगला आले आणि सोव्हिएत शस्त्रे पुन्हा येऊ लागली. माओंच्या सांस्कृतिक क्रांतीत रेड गार्ड या चिनी तरुणांच्या दलांनी किम यांनाच संशोधनवादी, म्हणजे साम्यवादापासून ढळलेले, ठरवले. संबंध इतके बिघडले की ते सावरायला एप्रिल 1970 मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांना स्वतः प्योंगयांगला जावे लागले.

खरा तडा 1990 मध्ये गेला. सेऊल ऑलिंपिकला (1988) सोव्हिएत संघ आणि चीन दोघेही गेले होते, तिथेच दिशा दिसली होती. सप्टेंबर 1990 च्या सुरुवातीला सोव्हिएत परराष्ट्रमंत्री शेवर्दनाद्झे प्योंगयांगला सांगायला गेले की मॉस्को दक्षिण कोरियाला मान्यता देणार. तसे केल्यास 1961 ची युती नावापुरती उरेल आणि आम्हाला आमची शस्त्रे आम्हीच मिळवावी लागतील, असे उत्तर कोरियाने त्यांना बजावले. 30 सप्टेंबरला मान्यता जाहीर झाली. सेऊलने मॉस्कोला 3 अब्ज डॉलरचे कर्ज देऊ केले; प्योंगयांगच्या पक्षपत्राने याला डॉलरवर विकलेले संबंध म्हटले. त्याहून मोठा घाव व्यापारात बसला. 1991 पासून मॉस्को परकी चलनात रोख पैसे मागू लागले. उधारीवर आणि सवलतीच्या भावात येणारे तेल आटले, आणि खते, वीज, रेल्वे सगळेच लंगडू लागले.

चीनने तेच पाऊल सावकाश टाकले. संयुक्त राष्ट्रांतल्या दक्षिणेच्या प्रवेशाला व्हेटो करणार नाही, हे 1991 च्या मे महिन्यात चीनचे पंतप्रधान ली फंग यांनी प्योंगयांगला कळवले. 17 सप्टेंबरला दोन्ही कोरिया सदस्य झाले. जुलै 1992 मध्ये परराष्ट्रमंत्री छियान छिचेन निर्णय सांगायला गेले, आणि किम यांची भेट अगदी थोडक्यात आटोपली. 24 ऑगस्टला बीजिंग-सेऊल संबंध जुळले, आणि त्याच वेळी सेऊलने तैवानशी राजनैतिक संबंध तोडले. सात महिन्यांत, 12 मार्च 1993 रोजी, प्योंगयांगने अण्वस्त्रप्रसार बंदी करारातून बाहेर पडण्याची घोषणा केली. युती कोलमडणे हे अणुबॉम्बचे एकमेव कारण नव्हते, पण ते बाजूला ठेवून या घोषणेचा अर्थ लावणे मला चुकीचे वाटते.

1995 च्या ऑगस्टमध्ये रशियाने नोटीस दिली आणि 10 सप्टेंबर 1996 रोजी सोव्हिएत करार संपला. फेब्रुवारी 2000 च्या नव्या करारात धोका उद्भवल्यास तातडीने संपर्क साधण्यापुरते बंधन राहिले, मदतीचे नव्हते. चीनचा करार मात्र कागदावर शाबूत राहिला. ऑक्टोबर 2006 मध्ये पहिल्या अणुचाचणीनंतर पाच दिवसांतच चीनने सुरक्षा परिषदेत निर्बंधांच्या बाजूने मत दिले, तरीही करार तुटला नाही. तो तोडायला दोघांचीही सही लागते.

2024 च्या करारात मदतीचे कलम परत आले, पण त्याला एक जोड आहे: ही मदत संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील 51 व्या कलमानुसार (स्वसंरक्षणाचा हक्क) आणि दोन्ही देशांच्या कायद्यांनुसार करायची आहे. करार बेमुदत आहे, पण एका बाजूने लेखी कळवले की वर्षभराने तो संपतो. म्हणजे 1995 मध्ये रशियाने वापरली ती एकतर्फी वाट इथेही आहे. बीजिंगच्या करारात तशी वाट अजूनही नाही.