रंगीत पडद्याचा हँडहेल्ड ऑर्गनायझर घेण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक (वर्ष 2002)

सप्रेम नमस्कार,

हँडहेल्ड ऑर्गनायझर रंगीत पडद्याचा घ्यावा की कृष्णधवल, हा प्रश्न आमच्या पुण्यातील दुकानात येणारे बहुतेक ग्राहक पहिल्याच भेटीत विचारतात. काउंटरवर दोन्ही यंत्रे शेजारी शेजारी ठेवली की नजर रंगीत पडद्यावर खिळते, हे साहजिक आहे. मात्र हे यंत्र पुढे काही वर्षे दिवसातून अनेकदा खिशातून काढायचे असते, त्यात आपल्या भेटीगाठी, फोन नंबर, येणी-देणी आणि कामांच्या याद्या ठेवायच्या असतात, आणि दुकानातील दिव्यांखाली दहा मिनिटांत दिसत नाहीत असे त्याचे काही गुणदोष असतात. ते खरेदीपूर्वीच आपल्यासमोर असावेत म्हणून हे पत्रक तयार केले आहे. आम्ही दोन्ही प्रकारची यंत्रे विकतो, त्यामुळे एकाची बाजू घेण्याचे आम्हाला कारण नाही. मात्र अनुभवातून बनलेले आमचे मत जिथे आहे तिथे ते आम्ही स्पष्ट लिहिले आहे.

बाजारात काय आहे

1996 साली पाम कंपनीचा पायलट हा ऑर्गनायझर आला तेव्हापासून चार वर्षे पामची सर्व यंत्रे कृष्णधवल पडद्याची होती. फेब्रुवारी 2000 मध्ये आलेला पाम थ्री-सी हा त्या घराण्यातील पहिला रंगीत ऑर्गनायझर असून तो 256 रंग दाखवतो. त्याच वर्षी हँडस्प्रिंगचा व्हायझर प्रिझम 65,536 रंगांचा पडदा घेऊन आला, 2001 मध्ये पाम एम 505 आला आणि यंदा मार्चमध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती एम 515 आली. सोनीच्या क्लिए मालिकेतील रंगीत यंत्रांत 160 ऐवजी 320 ठिपक्यांचा पडदा असल्याने त्यांवरील अक्षर पुष्कळच रेखीव दिसते. मायक्रोसॉफ्टच्या पॉकेट पीसी प्रणालीवर चालणारी कॉम्पॅकची आयपॅक आणि एचपीची जोर्नाडा ही यंत्रे अधिक वेगवान, मोठ्या पडद्याची आणि अर्थातच अधिक महाग आहेत.

केवळ रंगासाठी आपण किती मोजतो, हे पाहायचे असेल तर पामच्या एम 500 आणि एम 505 या जोडीकडे पाहावे. दोन्ही एकाच वर्षी आली, दोन्हींत 33 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि 8 एमबी मेमरी आहे, दोन्हींत एसडी कार्डाची खाच आहे आणि ठेवणही सारखीच आहे. मुख्य फरक पडद्याचा. बाजारात आली तेव्हा अमेरिकेत एम 500 ची किंमत 399 डॉलर आणि एम 505 ची 449 डॉलर होती, तर वजन अनुक्रमे सुमारे 114 आणि 139 ग्रॅम. म्हणजे 50 डॉलर, पाव किलोचा दहावा हिस्सा वजन आणि थोडी जाडी एवढी रंगाची उघड किंमत झाली. एम 515 अमेरिकेत 399 डॉलरलाच आला आणि त्यात 16 एमबी मेमरी आहे. आजच्या 48-49 रुपयांच्या भावाने ही रक्कम साडेएकोणीस हजारांच्या आसपास जाते, आणि भारतात येईपर्यंत तिच्यावर जकात आणि विक्रीकर चढतो. ज्यांना केवळ पत्ते आणि भेटींची नोंद ठेवायची आहे त्यांच्यासाठी पाम एम 105 सारखे कृष्णधवल यंत्र याच्या निम्म्याहूनही कमी खर्चात काम भागवते.

उन्हात आणि खोलीत

रंगीत पडदा म्हणजे सगळीकडे सारखाच स्वच्छ पडदा, असा समज आम्हाला वारंवार दिसतो, आणि बहुतेक निराशा त्यातूनच होते. रंगीत पडद्यांचे दोन प्रकार आहेत. थ्री-सी आणि प्रिझम यांच्या पडद्याला मागून दिवा असतो. यंत्र चालू असेपर्यंत तो दिवा लागलेलाच असतो आणि रंग त्याच्याच प्रकाशात दिसतात. कार्यालयात, घरी आणि रात्रीच्या गाडीत हा पडदा अतिशय सुरेख दिसतो. मात्र दुपारच्या उन्हात बाहेर उभे राहिल्यावर सूर्यप्रकाशापुढे त्या दिव्याचे काही चालत नाही, अक्षरे जवळजवळ पुसली जातात आणि एक फोन नंबर वाचण्यासाठी हाताची ओंजळ करून आडोसा शोधावा लागतो.

एम 505, एम 515 आणि आयपॅक यांचा पडदा दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे बाहेरचा प्रकाश परावर्तित करणारा आहे. त्याला पुढून उजळणारा दिवा असतो. उन्हात हा पडदा उत्तम वाचता येतो, किंबहुना ऊन जितके स्वच्छ तितके रंग खुलतात. खोलीत मात्र त्याचे रंग फिके वाटतात. एम 505 बद्दल जगभर झालेली मुख्य तक्रार हीच होती की त्याचा दिवा लावूनही पडदा मंद दिसतो, आणि एम 515 मध्ये कंपनीने तो अधिक उजळ केला आहे. आयपॅकमध्ये सभोवतालचा प्रकाश ओळखून दिवा आपोआप कमी-जास्त होण्याची सोय आहे, ती खरोखर उपयोगाची आहे.

कृष्णधवल पडदा दिसायला साधा असला तरी उन्हात तो निर्विवाद चांगला आहे. अंधारात त्याचा दिवा जेमतेम काम भागवतो आणि संधिप्रकाशात तर दिवा लावूनही विशेष फरक पडत नाही. म्हणून जमिनीचे मोजणीदार, बांधकामाच्या जागेवर फिरणारे अभियंते, शेतीमालाचे व्यापारी आणि दुचाकीवरून दिवसभर भेटी देणारे विक्री प्रतिनिधी यांना आम्ही मागून दिव्याचा रंगीत पडदा घेऊ नये असे सांगतो. रुग्णालयात रात्रपाळी करणारे डॉक्टर किंवा बव्हंशी कार्यालयात बसणारे गृहस्थ यांच्यासाठी तोच पडदा सर्वांत सोयीचा ठरतो. खरेदी करताना यंत्र हातात घेऊन दुकानाबाहेर पदपथावर यावे, नामसूचीतील एक नाव वाचून पाहावे, मग दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन तेच नाव पुन्हा वाचावे. आम्ही ही विनंती प्रत्येक ग्राहकाला करतो आणि त्यासाठी यंत्र चालू स्थितीत हाती देतो.

बॅटरी आणि तिच्याशी जोडलेली माहिती

एम 105 सारखी साधी यंत्रे दोन छोट्या पेन्सिल सेलवर काही आठवडे चालतात. सेल संपले की ते कोणत्याही गावातल्या किराणा दुकानात बहुधा मिळून जातात. बहुतेक रंगीत यंत्रांत मात्र लिथियमची पुन्हा चार्ज होणारी बॅटरी कायमची आत बसवलेली असते. पामची रंगीत यंत्रे मोजक्या वापरात काही दिवस निघतात, दिवा पूर्ण उजळ ठेवल्यास त्याहून बरीच कमी. आयपॅकसारखी पॉकेट पीसी यंत्रे तर रोज रात्री क्रेडलमध्ये, म्हणजे यंत्र चार्ज करणाऱ्या आणि संगणकाला जोडणाऱ्या बैठकीत ठेवायची, असेच गृहीत धरावे. पुण्या-मुंबईत याची अडचण वाटणार नाही, परंतु ज्यांचा निम्मा महिना भारनियमनाच्या भागात दौऱ्यावर जातो त्यांनी याचा गंभीरपणे विचार करावा.

याहून महत्त्वाची बाब अशी की या यंत्रांतील आपली सर्व माहिती चालू विजेवर टिकणाऱ्या मेमरीत असते. बॅटरी खालावली की यंत्र आधी सूचना देते, मग पडदा बंद करते आणि उरलेल्या शक्तीवर काही दिवस माहिती जपून ठेवते. तीही शक्ती संपली की नामसूची, डायरी, टिपणे सारे काही जाते आणि यंत्र कारखान्यातून आल्यासारखे कोरे होते. मे महिन्याच्या सुट्टीत गावी जाताना यंत्र टेबलाच्या खणात ठेवून गेलेले आमचे एक ग्राहक जूनमध्ये ते घेऊन आले तेव्हा पडद्यावर पेनाने खुणा जुळवण्याचा पहिला-वहिला प्रश्न दिसत होता, आणि त्यांनी संगणकावर नक्कल ठेवलेली नसल्याने आम्हाला काहीही परत मिळवून देता आले नाही. हा धोका कृष्णधवल यंत्रांतही आहे, कारण सेल बदलताना त्यांची माहिती जेमतेम मिनिटभरच टिकते. पण रंगीत यंत्राची बॅटरी लवकर उतरत असल्याने तिथे तो अधिक जवळचा आहे. म्हणून क्रेडलवरचे बटण दाबून संगणकाशी मेळ घालण्याची, म्हणजे हॉटसिंकची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. एसडी कार्डाची खाच असलेल्या यंत्रांत सर्व माहितीची नक्कल कार्डावरही घेता येते. कार्डावरील माहिती बॅटरी संपली तरी जात नाही, आणि प्रवासी ग्राहकांसाठी हा खर्च आम्ही आवश्यकच मानतो.

लिथियम बॅटरी वयाबरोबर क्षीण होते आणि उष्णतेने ते अधिक वेगाने घडते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत यंत्र ठेवू नये. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलण्याची वेळ आली तर यंत्र उघडावे लागते आणि ते काम घरी करण्याजोगे नाही. हा खर्चही मालकीच्या खर्चात आधीच धरावा.

रंग नेमका कुठे उपयोगी पडतो

खरे सांगायचे तर पामच्या मूळ डायरीत, नामसूचीत आणि कामांच्या यादीत रंगाचा वापर नाममात्र आहे. पट्ट्या आणि खुणा रंगीत होतात, पण आपली तातडीची भेट लाल आणि घरगुती काम हिरवे, अशी वर्गवारी मूळ प्रणाली करून देत नाही. त्यासाठी डेटबुक फोरसारखा वेगळा प्रोग्राम घ्यावा लागतो. तो घेतला तर मात्र गच्च भरलेला आठवडा एका दृष्टिक्षेपात उलगडतो. ज्यांच्या दिवसात पाच-सहाहून अधिक भेटी असतात त्यांना त्याचा उपयोग निश्चित होतो. लाल-हिरव्या रंगांत गल्लत होणाऱ्या व्यक्तींनी निळा आणि पिवळा निवडावा.

जिथे माहितीच रंगाची आहे तिथे प्रश्नच उरत नाही. त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांची छायाचित्रे, वास्तुविशारदांच्या रंगछटा, साडी किंवा टाइल्सच्या विक्रेत्यांचे नमुने, रंगीत नकाशे, एक्सेलमधील तक्त्यांचे आलेख, हे सोळा करड्या छटांत पाहण्यात अर्थ नाही. फक्त त्यासाठी लागणारी जागा ध्यानात ठेवावी. पामच्या 160 गुणिले 160 ठिपक्यांच्या पडद्याएवढे करडे चित्र न आकुंचता साठवले तर सुमारे 12.5 केबी घेते, 256 रंगांत 25 केबी आणि 65,536 रंगांत 50 केबी. आयपॅकच्या 240 गुणिले 320 ठिपक्यांसाठी हाच आकडा 150 केबी होतो. आठ एमबीमध्ये हजारो पत्ते आरामात राहतात, पण छायाचित्रांचा संग्रह ठेवायचा असेल तर कार्डाची खाच असलेलेच यंत्र घ्यावे.

चाळिशी ओलांडलेल्या ग्राहकांचा अनुभव येथे वेगळा नोंदवावासा वाटतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळे अक्षर, तेही मागून उजळलेले, करड्या-हिरव्या पडद्यापेक्षा डोळ्यांना पुष्कळ सुसह्य असते. अनेकांनी रंगासाठी नव्हे, तर या स्पष्टतेसाठीच जास्तीचे पैसे मोजले आणि ते समाधानी आहेत.

देवनागरीबद्दल

पाम असो वा पॉकेट पीसी, दोन्हींच्या मूळ प्रणालीत देवनागरी लिहिण्याची सोय नाही. पामवर पेनाने लिहिण्याची ग्रॅफिटी लिपी रोमन अक्षरांसाठी आहे, त्यामुळे नावे आणि पत्ते रोमन लिपीतच घालावे लागतात. पडदा रंगीत केल्याने यात काहीही बदल होत नाही. रंगीत यंत्र पाहून काही ग्राहक असा अंदाज बांधतात, म्हणून हे स्पष्ट लिहीत आहोत. भारतीय भाषांचा विचार करून बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर ही कंपनी यांनी सिंप्युटर या हातात मावणाऱ्या स्वस्त संगणकाची आखणी केली. त्याचा पडदा कृष्णधवलच ठेवलेला आहे, आणि स्वस्त, कमी वीज खाणारे यंत्र करायचे झाल्यास हीच निवड योग्य असल्याचे आमचेही मत आहे. आपल्या लिपीत लिहिता येणारा खिशातील ऑर्गनायझर आमच्या काउंटरवर यावा, ही आमची मनापासूनची इच्छा आहे.

परदेशातून आणलेली यंत्रे

अमेरिकेतील नातेवाइकांकरवी यंत्र मागवणाऱ्यांनी चार्जरवरील बारीक मजकूर वाचावा. त्यावर केवळ 120 व्होल्ट छापले असेल तर तो आपल्या 230 व्होल्टच्या प्लगमध्ये थेट लावू नये, चार्जर जळतो. 100 ते 240 व्होल्ट असे छापले असेल तर फक्त पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो. त्याचप्रमाणे एम 505 व एम 515 यांचे क्रेडल यूएसबीचे असते आणि विंडोज 95 किंवा एनटी 4 असलेल्या संगणकावर ते चालत नाही, त्यासाठी सीरियल क्रेडल वेगळे घ्यावे लागते. विनाबिलाची यंत्रे स्वस्त मिळतात हे आम्हाला ठाऊक आहे. पण त्यांना इथे हमी मिळत नाही, आणि आत बसवलेल्या बॅटरीच्या यंत्राबाबत हमीचे महत्त्व साध्या सेलवरच्या यंत्रापेक्षा कितीतरी अधिक आहे.

दुकानात येताना आपल्या संगणकावर कोणती विंडोज आहे आणि मागे यूएसबीची खाच आहे की नाही, हे कागदावर लिहून आणावे. सध्याची कागदी डायरीही सोबत आणली तर आपल्या नोंदी कशा प्रकारच्या आहेत हे पाहून आम्हाला सल्ला देणे सोपे जाते. यंत्र घेतल्यावर ते पूर्ण चार्ज करून, पडद्यावर संरक्षक फिल्म लावून आणि पहिला हॉटसिंक आपल्या समक्ष करून मगच आम्ही ते आपल्या हाती देतो. यासाठी थोडा वेळ लागतो, तेव्हा शक्यतो सकाळी यावे.