वेल्को पाऊनोविच: ज्युनियर विश्वविजयापर्यंतची वाट

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस सर्बियाच्या मुख्य फुटबॉल संघाची सूत्रं वेल्को पाऊनोविच यांच्याकडे आली. आधीचे प्रशिक्षक ड्रॅगन स्टोयकोविच पायउतार झाल्यावर महासंघाला हेच नाव का सुचलं, याचं उत्तर दहा वर्षांपूर्वीच्या एका ज्युनियर संघात आहे.

फुटबॉल घरातलाच. वडील ब्लागोये हे पार्टिझान बेलग्रेड या क्लबचे बचावपटू. १९६८ च्या युरो स्पर्धेत उपविजेत्या ठरलेल्या युगोस्लाव्हियाच्या (सर्बिया तेव्हा याच देशाचा भाग होता) संघात ते होते. १९७७ मध्ये जन्मलेले वेल्को मात्र पुढच्या फळीत रमले. पार्टिझानमधून कोवळ्या वयातच ते माद्रिदला, अ‍ॅटलेटिकोकडे गेले. तिथे कायमचा जम बसला नाही. मायोर्का, ओविएडो, टेनेरिफे अशा स्पॅनिश क्लबांत लोनवर, म्हणजे उसना खेळाडू म्हणून, भटकंती झाली; पुढे जर्मनी, रशिया आणि शेवटी अमेरिका. राष्ट्रीय संघातून खेळायला मिळालं ते नावापुरतंच. नव्या देशात, नव्या भाषेत पुन्हा पुन्हा स्वतःला सिद्ध करावं लागलेला हा खेळाडू तरुण पोरांचा विश्वास मिळवू शकला, याचं मला तरी नवल वाटत नाही.

खेळणं थांबल्यावर ते सर्बियाच्या ज्युनियर संघांचे प्रशिक्षक झाले. २०१४ मध्ये त्यांच्या १९ वर्षांखालील संघाने युरोची उपांत्य फेरी गाठली आणि तिथे तो पोर्तुगालकडून पेनल्टी शूटआऊटमध्ये हरला. पुढच्या वर्षी न्यूझीलंडमध्ये २० वर्षांखालील विश्वचषक. पहिल्याच सामन्यात उरुग्वेकडून ०-१ अशी हार. त्यानंतर मात्र हा संघ हरलाच नाही. हंगेरी, अमेरिका, माली, ब्राझील: बाद फेरीतले चारही सामने अर्ध्या तासाच्या जादा वेळेत गेले. म्हणजे एकूण १२० मिनिटं अधिकची; एक आख्खा सामना आणि वर अर्धा तास! अमेरिकेविरुद्ध तर तेवढंही पुरलं नाही, पेनल्टींवर ६-५ असा निकाल लागला.

ऑकलंडमधल्या २० जूनच्या अंतिम सामन्यात स्तानिशा मांदिचने ७० व्या मिनिटाला आघाडी दिली. आंद्रेयास परेराने तीनच मिनिटांत ती पुसून टाकली. ११८ व्या मिनिटाला, पाय जड झालेले असताना, नेमान्या माक्सिमोविच ब्राझीलचा बचाव भेदून पुढे धावला आणि त्याने शांतपणे चेंडू जाळ्यात सारला. १९८७ मध्ये चिलीत युगोस्लाव्हियाने जिंकलेला हा किताब, आता सत्तरेक लाख वस्तीच्या सर्बियाने स्वतःच्या नावावर जिंकला.

त्या पिढीतले राजकोविच, मिलिंकोविच-साविच आणि झिवकोविच पुढे २०१८ आणि २०२२ च्या विश्वचषकांत होते. दोन्ही वेळा सर्बिया गटातच बाद झाला. ज्युनियर यशाचं मोठ्या संघात रूपांतर करणं जमलं नाही, ही खंत बेलग्रेडमध्ये अजून आहे.

पाऊनोविच मात्र तोवर क्लब फुटबॉलकडे वळले होते. शिकागो फायर, रेडिंग, मेक्सिकोतले ग्वादालाहारा आणि टिग्रेस. मार्च २०२५ मध्ये ते ओविएडोत परतले. २००१ मध्ये हा क्लब ला लिगा या स्पेनच्या अव्वल साखळीतून खाली घसरला, तेव्हा ते त्याच संघात खेळत होते. २४ वर्षांनी, जूनमध्ये, प्रशिक्षक म्हणून त्यांनी त्याला पुन्हा वर नेलं. ऑक्टोबरमध्ये, संघ अवनतीच्या रेषेच्या वर असतानाही, क्लबने त्यांना दूर केलं. सर्बियाचं बोलावणं त्याच महिन्यात आलं.