इनिटआरडीचा पत्ता कर्नलला कोण सांगतं?

लिनक्स सुरू होताना कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, जोडीने आणखी एक फाइल मेमरीत चढते. डेबियन-उबंटूच्या बूट फोल्डरमध्ये तिचं नाव इनिटआरडी असतं, फेडोरात इनिटरामएफएस. आत काय असतं, तर डिस्कचे ड्रायव्हर, एनक्रिप्शन उघडणारी साधनं, एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारी व्यवस्था), आणि खरी रूट फाइलसिस्टीम (जिच्यावर सगळी यंत्रणा असते ती) शोधून तिच्यावर उडी मारणारी एक छोटी स्क्रिप्ट. बहुतेकांना ही फाइल आठवते ती बूट पार्टिशन भरल्यावरच. पण ती मेमरीत नेमकी कुठे ठेवायची आणि ती जागा कर्नलला कोणी व कशी कळवायची, या प्रश्नाने बूटलोडर (कर्नल मेमरीत चढवून सुरू करणारा छोटा प्रोग्राम) लिहिणाऱ्यांना पाव शतक छळलं आहे.

गरज पडली ती सर्वसाधारण कर्नलमुळे. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत वितरणांना शेकडो प्रकारच्या यंत्रांवर चालणारं एकच कर्नल हवं होतं, पण डिस्क जोडणाऱ्या प्रत्येक स्कझी कार्डाचा ड्रायव्हर त्यात कोंबणं शक्य नव्हतं. ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून डिस्कवर ठेवावेत, तर डिस्क वाचायलाच ड्रायव्हर लागतो. कपाटाची किल्ली कपाटातच राहिल्यासारखी ही गत. त्याआधी रॅमडिस्क, म्हणजे मेमरीतच बनवलेली तात्पुरती डिस्क, नव्हती असं नाही. रूट फ्लॉपी घाला आणि एंटर दाबा, असं कर्नल स्वतः विचारायचं आणि फ्लॉपी मेमरीत उतरवून घ्यायचं. त्यासाठी फ्लॉपीचा ड्रायव्हर मात्र कर्नलमध्ये आधीपासून बसवलेला लागे.

१९९६ साली, १.३.७३ या कर्नलपासून, हे काम बूटलोडरकडे गेलं. बूटलोडर बायोसच्या मदतीने डिस्क वाचतो, त्यामुळे त्याला कर्नलच्या ड्रायव्हरची गरज पडत नाही. कर्नल उचलतो तशीच त्याने रॅमडिस्कची प्रतिमाही उचलून मेमरीत ठेवायची. इनिटआरडीचं मूळ दस्तऐवजीकरण व्हेर्नर आल्मेसबर्गर आणि हान्स लेर्मेन यांचं आहे. पहिला लिलोचा कर्ता, दुसरा लोडलिनचा. म्हणजे दोघेही बूटलोडरवाले. माझ्या मते पुढच्या सगळ्या गुंत्याचं बीज इथेच आहे: इनिटआरडी हा जन्मापासून बूटलोडर आणि कर्नल यांच्यातला करार होता, आणि करार प्रत्येक आर्किटेक्चरवर, म्हणजे प्रोसेसरच्या प्रत्येक घराण्यावर, वेगळा लिहिला गेला.

इंटेल पीसीवर तो कर्नल प्रतिमेच्या (कर्नलच्या फाइलीच्या) हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या भागात, आहे. ठरावीक जागी चार बाइटांत रॅमडिस्कचा पत्ता, पुढच्या चार बाइटांत आकार. बूटलोडरने ते भरायचे आणि कर्नलमध्ये उडी मारायची. दिसायला सोपं, पण पत्ता कुठलाही चालत नाही. कर्नल सुरुवातीला जेवढी मेमरी थेट पाहू शकतं तेवढ्यातच रॅमडिस्क बसायला हवी. जुन्या कर्नलांसाठी ही मर्यादा ८९६ मेगाबाइट होती आणि बूटलोडरवाल्यांनी ती पाठ करून ठेवायची होती. बूट प्रोटोकॉलच्या २.०३ आवृत्तीत कर्नल ती मर्यादा स्वतःच हेडरमध्ये लिहू लागलं. पुढे ६४ बिटांचे दिवस आले, चार बाइटांत पत्ता मावेना, तेव्हा पत्त्याचे वरचे ३२ बिट ठेवायला दुसरीकडेच एक रकाना उघडावा लागला.

पॉवरपीसीवर ओपन फर्मवेअर (फर्मवेअर म्हणजे यंत्र सुरू करणारं त्यातलंच सॉफ्टवेअर) असलेल्या यंत्रांत रॅमडिस्कची सुरुवात आणि आकार प्रोसेसरच्या तिसऱ्या आणि चौथ्या रजिस्टरमधून यायचे. लिनक्सच्या त्या भागात आजही एक मजेदार तपासणी आहे: दोन्ही रजिस्टरं शून्य नसावीत, आणि चौथ्यात ‘डेडबीफ’ हा हेक्साडेसिमल (सोळाच्या पायावरचा) आकडाही नसावा. प्रोग्रामर मंडळी हा आकडा ‘इथे काही नाही’ अशा अर्थाने टाकतात. मिप्सवर पत्ता आणि आकार कर्नलच्या कमांड लाइनवरच लिहायची पद्धत होती. ३२ बिटी आर्मवर टॅगांची यादी असे आणि त्यातला एक टॅग रॅमडिस्कचा. आयबीएमच्या मेनफ्रेमवर, झेड-व्हीएम या आभासी यंत्रं चालवणाऱ्या प्रणालीच्या आत, कर्नल, पॅरामीटरची फाइल आणि रॅमडिस्क या तिन्ही गोष्टी पाळीने आभासी कार्ड रीडरमध्ये ‘पंच’ करायच्या आणि तिथून यंत्र सुरू करायचं. पंच कार्डं इतिहासजमा होऊन दशकं लोटली, तरी शब्द आणि रीत दोन्ही तिथे टिकून आहेत.

रॅमडिस्कच्या आतलं स्वरूप मात्र वेळेत सुधारलं. सुरुवातीची इनिटआरडी ही खऱ्या डिस्कची नक्कल होती. तीवर फाइलसिस्टीम, म्हणून त्या फाइलसिस्टीमचा ड्रायव्हर कर्नलमध्ये हवा, आणि आकारही आधीच ठरलेला. २.५ मालिकेत, २००२ साली, अल व्हिरो यांच्या कामातून इनिटरामएफएस आलं. डिस्कची नक्कल गेली आणि साधा सीपीआयओ संग्रह (अनेक फाइली एकात बांधणारं स्वरूप) आला, जो कर्नल थेट मेमरीतल्या फाइलसिस्टीममध्ये उलगडतं. टार हे तशाच कामाचं दुसरं स्वरूप का नको, यावर तेव्हा बराच खल झाला. व्हिरो यांचं मत असं की टार फार ओंगळ आहे आणि कर्नलमध्ये त्याला जागा नाही. सीपीआयओत प्रत्येक फाइलआधी ११० बाइटांचं हेडर असतं आणि आकडे हेक्साडेसिमल अक्षरांत लिहिलेले असतात. एकामागे एक जोडलेले अनेक संग्रहही चालतात. या शेवटच्या गुणामुळे पुढे प्रोसेसरच्या मायक्रोकोडची (त्याच्या आतल्या सूचनांची) एक न दाबलेली, म्हणजे कॉम्प्रेस न केलेली, पुडी मुख्य संग्रहाच्या पुढे चिकटवता आली. नाव मात्र जुनंच चिकटलं. आज ज्याला आपण इनिटआरडी म्हणतो, त्यात डिस्क कुठेच नसते.

आत काय आहे हा प्रश्न असा मिटला. ते कुठे आहे, हा मिटला नव्हता. आर्मच्या जगाने टॅग सोडून डिव्हाइस ट्री (यंत्रात कोणते भाग कुठे आहेत याचं झाडासारखं वर्णन) स्वीकारला, जो मुळात ओपन फर्मवेअरकडून आलेला. त्यात ‘चोझन’ नावाच्या नोडमध्ये रॅमडिस्कची सुरुवात आणि शेवट लिहितात. इथेही एक खाच आहे. सुरुवातीचा पत्ता रॅमडिस्कचा पहिला बाइट दाखवतो, शेवटचा पत्ता मात्र रॅमडिस्क संपल्यानंतरचा पुढचा बाइट.

आर्म बोर्डावर हाताने बूट करून पाहिलेल्यांना यू-बूट या बूटलोडरची गंमत माहीत असते. कर्नल, डिव्हाइस ट्री आणि रॅमडिस्क या तिघांना वेगवेगळ्या पत्त्यांवर उतरवायचं आणि मग बूटच्या आज्ञेला तिन्ही पत्ते द्यायचे. रॅमडिस्क कच्ची असेल तर पत्त्यापुढे अपूर्णविराम देऊन तिचा आकारही सांगावा लागतो. आकार सोयीने एका व्हेरिएबलमध्ये येतो, पण ते व्हेरिएबल शेवटी उतरवलेल्या फाइलचा आकार धरून ठेवतं. म्हणजे रॅमडिस्क आधी आणि डिव्हाइस ट्री नंतर उतरवला, की रॅमडिस्कच्या आकाराच्या जागी डिव्हाइस ट्रीचा आकार जातो, संग्रह अर्धवट कापला जातो आणि कर्नल रूट सापडत नाही म्हणून कोसळतं. म्हणून जाणकार रॅमडिस्क शेवटी उतरवतात. त्यातच दाबलेलं कर्नल स्वतःला रॅमच्या सुरुवातीला उलगडतं आणि वाटेत आलेलं सगळं पुसून टाकतं. त्यामुळे डिव्हाइस ट्री रॅमच्या सुरुवातीपासून १२८ मेगाबाइटांच्या पुढे आणि रॅमडिस्क त्याच्याही वर ठेवा, असा सल्ला कर्नलच्याच दस्तऐवजात दिलेला आहे. ६४ बिटी आर्मवर नियम पुन्हा निराळा: कर्नल आणि रॅमडिस्क दोन्ही मिळून ३२ गिगाबाइटांच्या एका खिडकीत मावली पाहिजेत, आणि त्या खिडकीची सुरुवात १ गिगाबाइटाच्या पटीवर हवी.

हे सगळं बूटलोडरने का माहीत करून घ्यावं? ग्रब या बूटलोडरमध्ये प्रत्येक आर्किटेक्चरसाठी लिनक्स चढवणारा निराळा कोड होता, आणि त्या प्रत्येकाला त्या-त्या कर्नलच्या पोटातल्या खुणा ठाऊक असाव्या लागत.

बायोसची जागा घेणारं यूईएफआय (थोडक्यात ईएफआय) हे फर्मवेअरचं प्रमाण आल्यावर हे सुटेल असं वाटलं होतं, कारण फर्मवेअर सगळीकडे एकाच बोलीत बोलणार होतं. २०१२ मध्ये ३.३ कर्नलात ईएफआय स्टब, म्हणजे कर्नलला जोडलेला एक छोटा सुरुवातीचा प्रोग्राम, आला. कर्नलची फाइलच एक ईएफआय प्रोग्राम झाली, फर्मवेअर ती थेट चालवू शकलं. रॅमडिस्कसाठी कमांड लाइनवर ‘इनिटआरडी=’ लिहून फाइलचं नाव द्यायचं, उलट्या तिरक्या रेघांसह. स्टब ती फाइल फर्मवेअरकडून वाचून घेई. पण कर्नल ज्या व्हॉल्यूमवरून आलं त्याच व्हॉल्यूमवर ती फाइल असायला हवी होती. कर्नल नेटवर्कवरून आलं किंवा बूटलोडरने एक्स्टफोर या लिनक्सच्या फाइलसिस्टीमवरून वाचलं, की हा मार्ग बंद. शिवाय काही फर्मवेअरांना मोठी फाइल एका दमात वाचता येत नसे, म्हणून स्टबमध्ये ती १-१ मेगाबाइटाच्या घासांनी वाचण्याची सोय करावी लागली. ग्रबसारख्यांनी मग आपापल्या जुन्याच वाटा धरल्या: इंटेलवर हेडर भरून, आर्मवर डिव्हाइस ट्रीत लिहून. फर्मवेअर एक झालं, करार वेगळेच राहिले.

२०२० च्या सुरुवातीला लिनक्समधल्या ईएफआयचे देखभालकर्ते आर्ड बीसह्यूव्हेल यांनी जबाबदारीची दिशाच उलटी केली. बूटलोडरने रॅमडिस्क कुठे ठेवायची हे ठरवायचंच नाही. त्याने फक्त यूईएफआयमध्ये आधीपासून असलेला ‘लोडफाइल२’ हा प्रोटोकॉल एका ठरावीक ओळख-क्रमांकाच्या डिव्हाइस पाथवर (यूईएफआयमधल्या पत्त्यावर) नोंदवून ठेवायचा. म्हणजे ‘माझ्याकडे रॅमडिस्क आहे, हवी तर मागा’ एवढंच सांगायचं. कर्नलचा स्टब तो क्रमांक शोधतो आणि पहिल्यांदा रिकाम्या हाताने मागणी करतो. ‘बफर लहान आहे’ असं उत्तर येतं आणि सोबत खरा आकार. मग स्टब आपल्या आर्किटेक्चरच्या नियमांत बसेल अशी जागा स्वतः राखतो आणि दुसऱ्यांदा मागतो. तेव्हा बाइट त्या जागेत ओतले जातात. ८९६ मेगाबाइट असोत वा ३२ गिगाबाइटांची खिडकी, ही बंधनं ज्याची त्यालाच माहीत असली म्हणजे पुरे.

फाइल कुठून येते याच्याशीही कर्नलला देणंघेणं राहिलं नाही. ती डिस्कवर असो, नेटवर्कवर असो, की बूटलोडरने दोन-तीन संग्रह जोडून जागच्या जागी तयार केलेली असो. मापनालाही, म्हणजे काय चढवलं याची पडताळणीसाठी नोंद करण्यालाही, नेमकी जागा मिळाली. रॅमडिस्क स्टबच्या हातून जाते, त्यामुळे तोच तिचा ठसा टीपीएम या सुरक्षा-चिपच्या नवव्या रजिस्टरमध्ये नोंदवू शकतो. कर्नल, कमांड लाइन आणि रॅमडिस्क एकाच सही केलेल्या फाइलीत बांधण्याची जी पद्धत आता रुजते आहे, तीतही सिस्टमडी या प्रकल्पाचा स्टब आतल्या कर्नलला रॅमडिस्क याच दाराने देतो.

यू-बूटने ही रीत लवकर उचलली. रिस्क-फाइव्ह या आर्किटेक्चरला ईएफआय स्टब मिळाला तो २०२० मध्येच, त्यामुळे जुन्या सवयींचं ओझं त्याच्यावर पडलं नाही. ग्रबने मात्र वेळ घेतला. सगळ्या आर्किटेक्चरांना सामाईक असा ईएफआय लोडर २.१२ आवृत्तीत, डिसेंबर २०२३ मध्ये आला.

कमांड लाइनवरचा ‘इनिटआरडी=’ या नव्या व्यवस्थेत निवृत्त होणार असं ठरल्यासारखंच होतं. कर्नल बांधताना तो वगळण्याचा पर्याय होता आणि त्यावर ‘कालबाह्य’ असा शिक्काही बसला होता. पण एखाद्या कर्नलात तो आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, आणि सगळ्या आर्किटेक्चरांवर एकच किमान पातळी ठरवायची तर असे ऐच्छिक भाग अडचणीचेच. म्हणून २०२२ च्या अखेरीस तो वगळण्याचा पर्यायच काढून टाकला गेला आणि ईएफआय स्टब असलेल्या प्रत्येक कर्नलमध्ये तो कायमचा बसला. स्टब आधी लोडफाइल२ विचारतो, तिथे काही मिळालं नाही तर कमांड लाइन पाहतो. त्याच बदलात कर्नल प्रतिमेच्या हेडरमधला आवृत्तीचा आकडा १.० वरून १.१ केला गेला, म्हणजे समोरच्या प्रतिमेत दोन्ही सोयी आहेत की नाहीत हे बूटलोडरला ती न चालवताच वाचता येतं.