स्वभाव की आजार?

देवगडकडच्या एका वाडीत वैशाखात आंब्याच्या पेट्या भरायला बसलेली सून. पेंढ्याचा थर, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा. सकाळी दहापर्यंत हात झरझर चालतात. दुपारी पडवीचे पत्रे तापले की तिला समोरचं धूसर दिसायला लागतं, पाय जड होतात, आणि ती आत जाऊन आडवी होते. संध्याकाळी विहिरीचं गार पाणी अंगावर घेतलं की पुन्हा उभी. सासूचा निकाल ठरलेला: "कामाच्या टायमाकच बरे हिचे डोळे जातत!"

या धूसर दिसण्याला वैद्यकात नाव आहे. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांची नजर श्रमानंतर तात्पुरती मंदावते, असं १८९० मध्ये नोंदवलं. खरं कारण अंगातली उष्णता, हे पुढे उलगडलं. या आजारात मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब होतं आणि संदेश रखडत जातो. अंग थोडं तापलं तरी तो अडतो, गार झालं की परत सुटतो. एके काळी तर रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवूनच निदान करत. आमच्याकडे मे महिन्यात टबाची गरज नाही.

मुळात हा आजार स्वतंत्र म्हणून नीट मांडला तो फ्रेंच मेंदूतज्ज्ञ शार्को यांनी, १८६८ मध्ये, पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात. रुग्णांचं उगाच हसणं-रडणं, बेफिकिरी, विसराळूपणा त्यांच्या नजरेतून सुटला नाही. मात्र दीर्घ दुःख आणि मनस्ताप यांचाही आजाराच्या सुरुवातीशी संबंध असावा, असं त्यांना वाटे. हेच शार्को हिस्टेरियाच्या, म्हणजे मनामुळे उद्भवतात असं मानलेल्या शारीरिक लक्षणांच्या, अभ्यासासाठी जगभर गाजले, हा योगायोग रुग्णांना महागात पडला म्हणायचा. हा आजार बायकांमध्ये जास्त, सुरुवात बहुधा विशी ते चाळिशीत, आणि लक्षणं येऊन-जाऊन. अशा तरुण बाईवर हिस्टेरियाचा शिक्का मारणं पुढची कित्येक वर्षं सोपं होतं.

मग काटा दुसऱ्या टोकाला गेला. १९२६ मध्ये कॉट्रेल आणि विल्सन या डॉक्टरांनी लंडनमध्ये १०० रुग्ण तपासून लिहिलं की अकारण आनंदीपणा ही या आजाराची मोठी खूण. ते चित्र पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून बसलं. १९६९ मध्ये सरिज या संशोधकाने पुन्हा पाहिलं, तेव्हा उदास रुग्णही तितकेच भेटले, आणि आनंदी दिसणाऱ्यांत अनेकांची बुद्धी आजाराने मंदावलेली होती. म्हणजे जो स्वभाव समजला गेला, तो बऱ्याचदा मेंदूच्या इजेचा परिणाम होता. 'विशिष्ट स्वभावाच्या माणसालाच हा आजार होतो' हे मधल्या काळातलं मत तर काही टिकलं नाही. १९८१ पासून एमआरआयमध्ये मेंदूतले चट्टे दिसायला लागल्यावर वादाचा सूरच बदलला.

तरी स्वभावाचा प्रश्न संपला नाही, फक्त उलटा झाला. कोस्टा आणि मॅक्री या मानसशास्त्रज्ञांची स्वभाव मोजणारी प्रश्नावली १९८५ मध्ये आली, तिच्यातून पुढे स्वभावाचे पाच पैलू मोजता यायला लागले. चिंतेकडे कल असलेले रुग्ण थकवा आणि उदासी जास्त सांगतात, हे अभ्यासांत वारंवार दिसलं. पण मोजणी बहुधा आजार जडल्यावरची. चिंतेने थकवा वाढला, की रोज दुपारी पाय जाण्याच्या धास्तीनेच माणूस चिंतातुर झाला? स्वभावाला औषध नाही असं आपण म्हणतो, पण इथे आधी तो स्वभावच आहे का, हे ठरवायला हवं.

अमेरिकेत बफेलो इथे राल्फ बेनेडिक्ट यांच्या गटाने २००१ मध्ये स्वभावातले बदल आणि बुद्धीची घसरण यांची सांगड घातली. या कामात एक खुबी आहे: प्रश्नावली रुग्णाबरोबर जवळच्या नातेवाइकाकडूनही भरून घेतात, कारण मेंदूला इजा झालेल्या माणसाला आपल्यातला बदल दिसेलच असं नाही. 'पूर्वीपेक्षा चिडचिड वाढली का, काम अर्धवट टाकते का' हे घरच्यांना विचारायचं.

वाडीतल्या त्या सुनेचा नवरा मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला तेवढा येतो. तिच्यासाठी नातेवाइकाचा तो कागद सासूच भरणार.