गळाची गोळी आणि पिठाची विरी

गळाला लावलेल्या कणकेच्या गोळीकडून आपल्याला दोन उलटी कामं हवी असतात. तिनं गळ सोडू नये, आणि त्याच वेळी थोडंथोडं विरघळून माशाला आपला पत्ता द्यावा. फार घट्ट झाली तर तो नुसता खडा. फार सैल झाली तर मासा येईस्तोवर गळ रिकामा.

घट्टपणा येतो ग्लुटेनमुळे. कणीक मळताना गव्हातली ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिनं एकमेकांत गुंतून चिवट जाळं विणतात, स्टार्चचे कण त्यात अडकतात. हे डोळ्यांनी बघता येतं. लिंबाएवढा घट्ट गोळा अर्धा तास झाकून ठेवा, मग वाटीभर पाण्यात चोळत राहा. पाणी दुधासारखं होतं. ते चार-पाच वेळा बदललं की हातात उरतो चघळलेल्या च्युइंगमसारखा करडा, ताणला तर लांबणारा तुकडा. तोच ग्लुटेन.

ज्वारीत हे जाळं नसतं. म्हणून भाकरीच्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, नसली की आपण उकळतं पाणी घालतो; साधारण 70 अंश सेल्सिअसला स्टार्च फुगून चिकट होतो. ज्वारीची किंवा मक्याची गोळी करायची तर हीच उकड काढावी लागते. काही जण कणकेत पिंजलेला कापूस मळतात, भिंतीच्या मातीत काड तुडवतात तसा. ही युक्ती मला फार आवडते.

आता वास. माशाच्या नाकपुड्या घशात उघडत नाहीत. पाणी एका भोकातून आत येतं, दुसऱ्यातून बाहेर जातं, आणि त्यात विरघळलेलं तेवढंच त्याला हुंगता येतं. प्रथिनं तुटून बनणारी अमिनो आम्लं त्याला चांगली कळतात. म्हणून शेंगदाण्याची पेंड घालावी, अत्तराचे थेंब नकोत: तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं, आणि मृगळासारखा मासा चरतो तळाशी. शिवाय अगदी स्थिर पाण्यात अमिनो आम्लाचा रेणू आपणहून एक सेंटिमीटर सरकायला अर्धा दिवस घेतो. वास पसरवतो तो पाण्याचा प्रवाह आणि गोळीतून सुटणारा चुरा. म्हणजे गोळी थोडी झिजलीच पाहिजे.

कणीक रात्रभर आंबवली तर प्रथिनं तुटतात आणि वास वाढतो. पण तुटतं ते ग्लुटेनचं जाळंही! सकाळी गोळा हाताला चिकटायला लागतो. मूठभर कोरडं पीठ घालून पुन्हा मळा.

रोहू, मृगळ, सिप्रिनस या कार्प कुळातल्या माशांच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. मासा गोळी पाण्यासकट ओढून घेतो, टाळूवरच्या रुचिकलिकांनी पारखतो आणि नको ते थुंकतो, हे सगळं क्षणात. दोरीला बांधलेलं, पाण्यावर तरंगणारं मोरपीस दोनदा थरथरून थांबलं, तर बहुधा हेच झालेलं असतं. अशा वेळी गोळी हरभऱ्याएवढी करा आणि गळाचं टोक कणकेत पुरतं बुडू देऊ नका.