हॉर्नवर्म (पाळीव सरड्यांचे खाद्य)

हॉर्नवर्म : स्फिंजिडी कुलातील पतंगांची मोठी, मऊ अंगाची अळी. शरीराच्या मागच्या टोकाला शिंगासारखा काटा असतो; तो टोचत नाही व विषारीही नसतो. पाळीव सरडे, गेको (पाली) आणि शॅमेलिऑन (रंग बदलणारे सरडे) यांना जिवंत खाद्य म्हणून विकली जाणारी अळी बहुधा मँड्युका सेक्स्टा या मूळच्या अमेरिका खंडातील जातीची असते.

नाव व ओळख : ही जात १७६३ मध्ये ‘सेंचुरिया इन्सेक्टोरम’ या प्रबंधात स्फिंक्स सेक्स्टा या नावाने प्रथम वर्णिली गेली. प्रबंध स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस यांच्या मार्गदर्शनाखालचा, पण तो सादर केला बोआस योहान्सन यांनी. त्यामुळे नामकर्ता कोण, याविषयी सूचीकारांत एकमत नाही. त्या काळच्या विद्यापीठांत प्रबंधाचा मजकूर पुष्कळदा मार्गदर्शकाचाच असे, हे लक्षात घेता लिनीअस यांचे नाव देणे अधिक सयुक्तिक वाटते. मँड्युका ही प्रजाती जर्मन कीटकशास्त्रज्ञ ह्यूब्नर यांनी सुमारे १८०७ मध्ये स्थापली. तरीही विसाव्या शतकातील बरेच कृषिविषयक लेखन प्रोटोपार्से सेक्स्टा या नावाखाली सापडते. जुने संदर्भ शोधताना हे नाव माहीत असावे लागते.

टोमॅटोवरील हॉर्नवर्म ही वेगळी जात आहे : मँड्युका क्विनक्विमॅक्युलाटा (नामकर्ता हॉवर्थ, १८०३). सेक्स्टाच्या प्रत्येक कुशीवर सात तिरपे पांढरे पट्टे असतात व शिंग तांबूस असते; दुसरीच्या अंगावर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या आठ खुणा असून शिंग काळसर असते. टोमॅटोवरील म्हणून विकलेल्या डब्यातही पट्टे मोजले तर सहसा सेक्स्टाच निघते.

विषारीपणा : दोन्ही जाती तंबाखू, टोमॅटो, धोतरा अशा सोलॅनेसी कुलातील वनस्पतींवर वाढतात. सेक्स्टा तंबाखूतील निकोटीन साठवते की टाकून देते, हा प्रश्न बराच काळ चर्चेत आहे. बहुतांश निकोटीन विष्ठेवाटे बाहेर जाते, असे जुने प्रतिपादन आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्याचा थोडा अंश आतड्यातून रक्तद्रवात येतो, श्वसनरंध्रांतून बाहेर पडतो आणि शिकारी कोळ्यांना दूर ठेवतो. ही दोन मते परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. सरड्याच्या दृष्टीने मुद्दा असा, की सरडा अळी आतड्यातल्या पानांसकट गिळतो. साठवण होत नसली तरी अळीच्या पोटातले विष त्याला मिळतेच. शिवाय शेतातल्या अळीवर कीटकनाशकाचा अंश असू शकतो. म्हणून झाडावरून वेचलेली अळी, कोणत्याही जातीची असो, सरड्याला देऊ नये. पाळलेल्या अळ्यांनाही टोमॅटोची पाने घालू नयेत.

कृत्रिम खाद्य व रंग : प्रयोगशाळांसाठी ही अळी मोठ्या संख्येने वाढवण्याच्या पद्धती यामामोटो (१९६९) आणि बेल व योआकिम (१९७६) यांनी मांडल्या. आजचे व्यापारी खाद्य त्याच वळणाचे आहे : गव्हाचा अंकुर, केसीन (दुधातील प्रथिन), साखर, यीस्ट, क्षार, जीवनसत्त्वे, बुरशीरोधक आणि हे सारे धरून ठेवणारे आगर. अशा खाद्यावरची अळी हिरवी न होता निळसर होते. तिच्या रक्तद्रवात इन्सेक्टिसायनिन हे निळे प्रथिन असते. पानांतल्या कॅरोटिनॉइड या पिवळ्या रंगद्रव्यांची त्यात भर पडली तरच हिरवा रंग दिसतो. निळा रंग रोगाचे लक्षण नव्हे, पण त्या अळीत कॅरोटिनॉइडे कमी आहेत हे त्यावरून कळते.

पोषणमूल्य : सामान्यतः दिले जाणारे आकडे असे : पाणी सुमारे ८५ टक्के, प्रथिने ९, चरबी ३. ‘कमी चरबीचे खाद्य’ ही ख्याती या आकड्यांवर उभी आहे आणि ती फसवी आहे. पाणी वजा केले तर चरबी कोरड्या भागाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा भरते, म्हणजे घरगुती क्रिकेट या खाद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या रातकिड्याच्या आसपास. प्रौढ क्रिकेटमध्ये वजनाच्या सुमारे २० टक्के प्रथिने असतात. तेवढ्यासाठी दुपटीहून अधिक वजनाच्या हॉर्नवर्म लागतील आणि त्यासोबत भरपूर पाणी पोटात जाईल. विष्ठा पातळ होते ती यामुळेच. कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कमी असल्याने देण्याच्या अगदी आधी कॅल्शियमची पूड लावावी लागते. पाणी न पिणारा, आजारातून उठलेला किंवा खाणे टाकलेला सरडा यांच्यासाठी मात्र हे खाद्य उत्तम : हालचाल मंद, रंग ठळक, कवच पातळ. रोजचा आहार क्रिकेट वा झुरळांचा ठेवून आठवड्यातून एकदोनदा थोड्या हॉर्नवर्म देणे योग्य ठरते.

आकाराची निवड : अळीची जाडी सरड्याच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून जास्त नसावी. अंग मऊ असल्याने लांबी थोडी अधिक चालते. लेपर्ड गेकोला दोन-तीन सेंटिमीटरची अळी पुरे. मोठ्या बिअर्डेड ड्रॅगन सरड्याला पाच-सहा सेंटिमीटरची चालते. अडचण वाढीच्या वेगाची. अंड्यातून बाहेर पडताना सुमारे १ मिलिग्रॅमची अळी २५ ते २७ अंश सेल्सिअसला जवळपास तीन आठवड्यांत १० ग्रॅमपर्यंत पोहोचते. आज बेताची वाटणारी अळी दोन-तीन दिवसांत घशाला मोठी होते, म्हणून गरजेपेक्षा लहान घ्याव्यात आणि १२–१३ अंशांवर ठेवून वाढ रोखावी. घरगुती फ्रिज त्याहून थंड असतो. त्यात त्या मरतात.

साठवण : डब्याच्या तळाशी खाद्य थापलेले असते व आत जाळी असते; डबा उलटा ठेवावा, म्हणजे अळ्या जाळीला धरून वरचे खाद्य खातात आणि विष्ठा झाकणावर पडते. झाकण रोज झटकावे. आत पाणी सुटले तर ओल्या विष्ठेवर बुरशी येते. मग अळ्या काळ्या पडून पातळ होतात. तशी एकही दिसली तर लगेच काढावी. खाद्य संपले वा गर्दी झाली की त्या एकमेकींना चावतात. जाळीवरून अळी ओढू नये : पोटाखालच्या पायांच्या आकड्या घट्ट धरतात, पाय फाटून हिरवट द्रव गळतो. मागून बोटाने हळूच स्पर्श केला की ती स्वतःच पुढे सरकून पकड सोडते.

पूर्ण वाढ झालेली अळी खाणे थांबवते, पाठीवर मध्यभागी गडद रेषा उमटते आणि ती कोषासाठी माती शोधत भटकते. पिंजऱ्यात न खाल्लेली अळी राहिल्यास ती दिव्यावर चढून भाजते किंवा मातीत शिरते, म्हणून उरलेल्या त्याच दिवशी बाहेर काढाव्यात. निघणारे पतंगही शॅमेलिऑन आवडीने खातात. जात पिकांची कीड असल्याने अळ्या, कोष वा पतंग मोकळे सोडू नयेत; नको असलेल्या दोन दिवस गोठवून मग टाकाव्यात.